‘अपरिहार्य’ या शब्दाचा विचार

लोकव्यवहारात ‘अपरिहार्य’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. सभा रद्द झाली की ‘अपरिहार्य कारणास्तव’ असे फलकावर लिहितात. दिलेले वचन मोडले की ‘ते अपरिहार्यच होते’ असे म्हणून मनुष्य मोकळा होतो. म्हणून या शब्दाचा मूळ अर्थ पाहणे अवश्य आहे.

‘हृ’ धातूस ‘परि’ हा उपसर्ग लागून ‘परिहार’ शब्द होतो. परिहार म्हणजे टाळणे, निवारण करणे. ज्याचा परिहार होऊच शकत नाही ते अपरिहार्य. मराठीतील ‘अटळ’ही याच अर्थाचा, जे टळत नाही ते अटळ. दोन्ही शब्द निषेधार्थी आहेत. तेव्हा जेथे परिहाराचा प्रयत्नच झाला नाही, तेथे ‘परिहार होत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणास पोहोचतो?

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील २७ व्या श्लोकात हा शब्द आला आहे. जन्मलेल्यास मृत्यू आणि मृतास जन्म निश्चित आहे, या अर्थी तो तेथे योजिला आहे. त्यावरून भगवंतांनी निषेध केला तो शोकाचा, कर्तव्याचा नव्हे. उलट पुढे अर्जुनास युद्धासच उभे राहावयास सांगितले.

येथे कोणी शंका घेईल की, सर्व काही दैवाधीनच नाही काय? याचे समाधान अठराव्या अध्यायात आहे. तेथे कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव कारण आहे खरे, परंतु ते पाचांतील एक आहे. कर्ता आणि चेष्टा यांची गणना वेगळी केली आहे, हे विसरून चालणार नाही.

‘भवितव्य’ आणि ‘कर्तव्य’ या दोन्ही शब्दांत ‘तव्य’ हा एकच प्रत्यय आहे. एक होणारे, दुसरे करावयाचे. भवितव्य आपल्यावाचून घडते. कर्तव्य आपल्यावाचून राहून जाते.

वृद्ध पित्याचा मृत्यू अटळ होता, हे खरे. परंतु अंतकाळी त्याच्या उशाशी कोणी नव्हते, हेही अटळ होते काय? पहिल्याविषयी शोक करू नये. दुसऱ्याविषयी मात्र ‘अपरिहार्य’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या अंतःकरणास विचारावे.