गाडी ओढते, पण केव्हा?

"गाडी एका बाजूला ओढते," एवढंच सांगून आपण गॅरेजमध्ये गाडी लावतो, तेव्हा तक्रार निम्मीच सांगितलेली असते. ती केव्हा ओढते, हे उरलेलं निम्मं. सरळ रस्त्यावर सतत ओढते, ब्रेक दाबल्याबरोबर ओढते, की ब्रेक सोडल्यावरही ओढतच राहते? या तिन्ही तक्रारी ऐकायला सारख्या, पण त्यांची कारणं निराळी. अलाइनमेंट दोनदा होतं, टायर बदलले जातात आणि ओढ जिथल्या तिथे राहते. अशा वेळी बहुधा हा एक प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

माझ्या गाडीला हा त्रास कुंभार्ली घाटात सुरू झाला. कराडकडून चिपळूणला उतरत होतो. एका वळणापलीकडे म्हशी रस्त्यात उभ्या होत्या. ब्रेक जोरात दाबला, गाडी सरळ रेषेत थांबली. म्हशी गेल्या, मी निघालो, आणि स्टिअरिंग डावीकडे खेचू लागलं. पोफळीपर्यंत ते उजवीकडे धरून ठेवावं लागलं. पुढे सपाटीला लागल्यावर ओढ हळूहळू कमी होत नाहीशी झाली. तिच्या अशा आपोआप जाण्याचीच मला अधिक धास्ती वाटली. पुढच्या उतारावर ती परत येणार नाही, याची खात्री कोण देणार?

आधी एका ठिकाणी अलाइनमेंट करून झालं, फरक पडला नाही. मग चिपळुणातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं नाही की जॅक काढला नाही. आधी विचारलं, "साहेब, दाबताना ओढते की सोडल्यावर?"

"सोडल्यावर."

"आणि थोड्या वेळानं जाते?"

"हो."

"मग अलाइनमेंटचा संबंध नाही. चाकाचा कोन बिघडला तर तो बिघडलेलाच राहील. पाच-दहा किलोमीटरवर सुधारणार कसा?"

इतकं साधं तर्कशास्त्र, पण त्यामुळे अर्धी गाडी संशयातून मोकळी झाली. सतत ओढणाऱ्या गाडीत आधी हवेचा दाब बघायचा, मग पुढचे टायर डावे-उजवे बदलून बघायचे (दिशेची खूण असलेले टायर मात्र असे बदलू नयेत). ओढ बाजू बदलते का, ते पाहायचं. बदलली तर दोष टायरचा. आपल्याकडे रस्त्याची कड पाणी वाहून जावं म्हणून उतरती केलेली असते. डावीकडून चालणारी गाडी थोडी डावीकडे झुकणारच, म्हणून परीक्षा सपाट जागेवर घ्यावी. ब्रेक दाबताना ओढणाऱ्या गाडीत उलटा विचार करावा लागतो. ती ज्या बाजूला जाते, त्या बाजूचा ब्रेक अनेकदा ठणठणीत असतो आणि दुसऱ्या बाजूचा कमी लागत असतो. पॅडवर तेल आलेलं असतं किंवा कॅलिपरची पिन गंजून बसलेली असते. दाबताना एकीकडे आणि अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर दुसरीकडे जात असेल, तर लोअर आर्मचे बुश बघावेत.

माझ्या गाडीचं दुखणं तिसऱ्या प्रकारातलं होतं. ब्रेक सुटला, पण डावं चाक सुटत नव्हतं. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते, हे पुष्कळांना माहीत नसतं. पिस्टनभोवतीची रबरी सील दाबाखाली किंचित पिळली जाते, आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते. तेवढ्यानं चाक मोकळं होतं. पिस्टन गंजला तर हे घडत नाही. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत तो गंजतोही लवकर. पण दाबच गेला नाही, तर चांगला पिस्टनही मागे येत नाही.

दोष यातला कुठला, हे मिस्त्रींनी माझ्यासमोर दाखवलं. पुढची बाजू जॅकवर घेतली, स्टँड लावले, मला ब्रेक जोरात दाबून सोडायला सांगितलं. उजवं चाक हातानं फिरलं, डावं हलेना. त्यांनी डाव्या कॅलिपरच्या निपलला छोटी नळी लावली आणि पान्यानं निपल जेमतेम पाव आटा सैल केलं. काळपट ऑइलची एक चिळकांडी नळीत आली आणि चाक सुटलं. म्हणजे पिस्टन ठीक होता, दाब आत अडकला होता. निपल पुन्हा आवळून, ब्रेक दाबून सोडला, आणि या वेळी कॅलिपरकडे ऑइल नेणाऱ्या रबरी होज पाइपचा वरचा जोड सैल केला. चाक घट्टच राहिलं. अडथळा होजमध्येच होता.

बाहेरून त्या होजला चीरसुद्धा नव्हती. आतला रबराचा थर सुटून सायकलच्या पंपातल्या वायसरासारखा वागत होता. पायाच्या जोरानं ऑइल पुढे जाई, परतीचा जोर कमी म्हणून ते मागे येत नसे. झिरपत झिरपत दाब उतरला की गाडी सरळ. मिस्त्रींनी दोन्ही पुढचे होज बदलले, ऑइल नवं भरलं, हवा काढली. एकाच बाजूचा होज बदलायला ते तयार नव्हते आणि ते योग्यच होतं. दोन्ही एकाच वयाचे होते.

असा अडकलेला ब्रेक घेऊन घाट उतरणं धोक्याचं आहे. घासणाऱ्या पॅडची उष्णता ऑइलपर्यंत पोचते. डॉट-4 प्रतीचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि मग ही मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला टेकतं. म्हणून ओढ जाणवली तर गाडी बाजूला घ्या, डिस्कला हात न लावता दोन्ही चाकांजवळची ऊब आणि वास ताडून पाहा. एक बाजू जास्त तापली असेल तर तशीच पुढे नेऊ नका. आणि मिस्त्रींना सांगताना ती केव्हा ओढते, हे आधी सांगा.