गळाचे टोक

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात कॅस्केड पर्वतरांगेतून उतरणाऱ्या नॉर्थ अम्पक्वा नदीचा सुमारे पन्नास किलोमीटरचा एक पट्टा आहे. तिथे मासा धरायचा तर फ्लायनेच, असा नियम १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालत आला आहे. गांडूळ नाही, माशांची अंडी नाहीत, चकाकणारी धातूची पट्टी नाही. गळाला पिसे, केस आणि रंगीत दोरा गुंडाळून केलेली नकली माशी, म्हणजेच फ्लाय, एवढेच आमिष. गळाच्या टोकामागचा उलटा काटाही चालत नाही, कारण माशाला सुटणे सोपे जायला हवे. पोटासाठी मासे धरणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल. पण ज्यांनी हा नियम लावून धरला, ते गळ टाकणारेच होते. माणूस आपल्याच हातांवर आपणहून बंधने का घालून घेतो, आणि ती कुठवर घातली म्हणजे माशाला न्याय मिळतो, हा प्रश्न मला या नदीमुळे पडला.

इथला मानाचा मासा स्टीलहेड. शास्त्राच्या हिशेबी तो रेनबो ट्राउटच, जात एकच. एकाच आईच्या पिल्लांपैकी काही जन्मभर गोड्या पाण्यात राहतात, तर काही समुद्रात उतरतात आणि रुपेरी, भरदार होऊन जन्माच्या पाण्याकडे परततात. पॅसिफिकमधले सॅमन अंडी घातल्यावर मरतात. स्टीलहेडमधले काही जगून पुन्हा समुद्र गाठतात. उन्हाळी स्टीलहेड मे-जूनपासून नदीत शिरू लागतो, पण अंडी घालतो ती पुढच्या हिवाळ्यात किंवा वसंताच्या तोंडाशी. मधले सगळे महिने तो डोहात थांबतो, जवळजवळ काही खात नाही, समुद्रात साठवलेल्या चरबीवर निभावतो.

मग खाणे सोडलेला हा मासा पिसांच्या झुबक्यावर झेप का घेतो? ओढ्यात वाढताना किडे टिपण्याची लागलेली सवय, जवळ आलेल्या वस्तूचा राग, नुसते कुतूहल, असे तर्क पुष्कळ आहेत. छडा लागलेला नाही. फ्लायवाल्याचे सगळे वेड या न सुटलेल्या कोड्यात आहे. तो मांडीभर पाण्यात निसरड्या खडकांवर पाय रोवून उभा राहतो. प्रवाहाला आडवी, थोडी खालच्या अंगाला दोरी फेकतो. पाण्याच्या ओढीने फ्लाय कमानीत फिरत काठाशी येते. मग एक-दोन पावले खाली सरकून पुन्हा तेच. असा तो अख्खा डोह वीतवीत तपासत उतरतो. स्टीलहेडला तिकडे हजार फेकींचा मासा म्हणतात. उन्हाळ्यात काही जण फ्लाय पाण्यावरूनच फिरवतात. तिच्यामागे पाण्यावर रेघ उमटते, आणि कधीतरी त्या रेघेमागे पाणी फुगते. मासा वर आला, त्याने पाहिले, आणि तो फिरून गेला. जाणते गळ टाकणारे सांगतात की हा क्षण मासा हाती लागण्याहून मोठा. मला ते पटते, आणि पटते म्हणूनच पुढचा प्रश्न टाळता येत नाही. मोठा क्षण तो असेल, तर ओठात रुतणारा गळ कशाला?

मासा धरून सोडून द्यावा, हा विचार अमेरिकेत मासेमारीवर लिहिणारे ली वुल्फ यांनी १९३९ सालीच मांडला. चांगला मासा एकदाच धरून संपवावा इतका स्वस्त नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नद्या रित्या होत असताना ही रीत मोलाची ठरली. पण सोडून दिले म्हणजे काही केलेच नाही, असे होत नाही. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की रेनबो ट्राउटच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा टिपणारे मज्जातंतू आहेत. ओठात जळजळणारे द्रव्य टोचले की मासा खाणे थांबवतो, ओठ तळाच्या खड्यांवर घासतो. त्याला आपल्यासारखे दुःख होते का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण प्रयोगातला मासा स्टीलहेडच्याच जातीचा होता, आणि गळ रुततो तोही तोंडातच. शिवाय पाणी वीस अंशांच्या वर तापलेले असेल, तर झुंजीने थकलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. स्वित्झर्लंडने २००८च्या नियमांत सोडून देण्याच्या इराद्याने मासे धरायला बंदी घातली: खायचा असेल तरच धरा. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या अनेक मूळ रहिवाशांचा आक्षेपही याच दिशेचा आहे. सॅमनवर ज्यांच्या पिढ्या जगल्या, त्यांना अन्नाशी चाललेला हा खेळ अन्नाचा अपमान वाटतो. हौशी माणसाने या आक्षेपाला बगल देऊ नये.

नॉर्थ अम्पक्वावर एका माणसाने त्याला उत्तर दिले. या नदीला मिळणाऱ्या स्टीमबोट क्रीकवर १९३०च्या दशकापासून मासेमारी पूर्ण बंद आहे, कारण स्टीलहेड अंडी घालायला तिथे जातात. त्याच्या वरच्या अंगाला बिग बेंड नावाचा डोह आहे. उन्हाळ्यात ओढा तापतो तेव्हा शेकडो स्टीलहेड या डोहात गोळा होतात, कारण तिथे थंड पाण्याचा एक ओढा येऊन मिळतो. मासे असे एकाच जागी दाटलेले, म्हणून चोरट्यांनी इथे सुरुंगही लावले. डोहाला डायनामाइट होल असे नावच पडले. १९९९पासून ली स्पेन्सर हे पुरातत्त्वज्ञ आपल्या कुत्रीला घेऊन या डोहाच्या काठी राखणीला बसू लागले. वर्षामागून वर्षे, वसंतापासून थंडी पडेपर्यंत, माशांच्या नोंदी करत. चौदा मोसमांच्या नोंदींवरचे त्यांचे पुस्तक २०१७ साली आले. हेच स्पेन्सर नदीवर फ्लाय टाकत तेव्हा आधी गळाचे टोक तोडून टाकत. मासा येतो, फ्लाय तोंडात धरतो, दोरीला हिसका बसतो, आणि मासा मोकळा होतो.

फ्लाय फिशिंगचा सगळा युक्तिवाद मला इथे स्वच्छ दिसतो. वाट पाहायला टोक लागत नाही, माशाचे येणे अनुभवायलाही लागत नाही. टोक लागते ते माशाला दमवून हातात धरायला आणि फोटो काढायला. तेवढे सोडता येण्यासारखे आहे, आणि सोडावे.

मग गळाची काठी तरी कशाला, काठावर बसून पाहा, असे कोणी म्हणेल. इथे माझे मत वेगळे आहे. नॉर्मंडीच्या लढाईत उतरलेले फ्रँक मूर आणि त्यांच्या पत्नी जीन यांनी १९५७ साली या नदीकाठी स्टीमबोट इन सुरू केले. त्या काळात लाकूडतोड थेट ओढ्यांच्या काठापर्यंत पोचली होती. सावली गेली, पाणी तापले, अंड्यांवर गाळ बसला. हे आधी दिसले ते रोज पाण्यात उभे राहणाऱ्यांना. मूर यांच्या खटपटीतून १९६८ साली ‘पास क्रीक’ हा लघुपट निघाला आणि ओढ्यांची दशा लोकांपुढे आली. १९७१ साली ओरेगनने लाकूडतोडीवर नियम घालणारा कायदा केला. २०१९ साली स्टीमबोट क्रीकच्या खोऱ्यातले सुमारे एक लाख एकर जंगल स्टीलहेडसाठी राखले गेले आणि त्याला मूर दांपत्याचे नाव मिळाले. काठीशिवाय ही माणसे इतकी वर्षे त्या पाण्यात उभी राहिली असती, असे मला वाटत नाही.

पण पाण्यात उभे राहण्याचाही हक्क कधी सोडावा लागतो. सप्टेंबर २०२०मध्ये आर्ची क्रीकच्या वणव्यात नदीकाठचे जंगल जळाले. पुढच्या जूनमध्ये उष्णतेची लाट आली. याच नदीवरच्या विंचेस्टर धरणापाशी १९४६पासून परतणारे मासे मोजले जातात. त्या उन्हाळ्यात स्टीलहेडची संख्या इतकी घसरली की ऑगस्टमध्ये राज्याने नॉर्थ अम्पक्वावरची मासेमारी बंद केली. अशा वेळी टोक नसलेली फ्लायदेखील घरी ठेवायची असते. तो निर्णय योग्यच होता.

पोर्टलंड आणि हिल्सबरो भागात मराठी कुटुंबे आहेत. तिथून नदीजवळचे रोझबर्ग शहर गाडीने सुमारे तीन तासांवर, आणि पुढे १३८ क्रमांकाचा रस्ता नदीच्या काठाकाठाने जातो. तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलात, तर परवाना काढून फ्लाय जरूर टाका. फक्त आधी पाण्यात थर्मामीटर बुडवून पाहा. पारा विसाच्या जवळ गेला असेल तर त्या दिवशी दोरी सोडूच नका. आणि सोबत एक पक्कड ठेवा, पहिल्या फेकीच्या आधी गळाचे टोक तोडायला.