योग आणि क्षेम : पूररेषेतील घराविषयी

‘योगक्षेम’ हा शब्द आपण एका दमात उच्चारतो. वस्तुतः तो दोन वेगळ्या क्रियांचा समास आहे. जे जवळ नाही ते प्राप्त करून घेणे हा योग. जे प्राप्त झाले त्याचे रक्षण करणे हा क्षेम. गीतेच्या ज्या श्लोकात हा शब्द येतो तेथे ईश्वर आपल्या भक्ताचा दोन्ही प्रकारचा भार स्वतः उचलण्याचे अभिवचन देतो. भारतीय आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य याच श्लोकातून घेतले, हे सूचक आहे. जे काम एके काळी ईश्वराकडे सोपवलेले होते, त्यातील क्षेमाचा वाटा आधुनिक समाजाने विम्याच्या करारावर टाकला. मात्र या स्थित्यंतरात एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेले नाही. ईश्वराच्या ठायी योग आणि क्षेम एकत्र होते. आपल्या व्यवहारात ते वेगळे झाले. नदीकाठच्या सखल जमिनीवर उभ्या राहणाऱ्या घराइतके या फारकतीचे स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणार नाही.

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्याचा विचार करू. महाराष्ट्र शासनाच्या पाटबंधारे विभागाने १९८९ मध्ये पूररेषांविषयी परिपत्रक काढले. सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधील क्षेत्र निषिद्ध. निळ्या आणि लाल रेषांमधील क्षेत्र नियंत्रित. रेषा कागदावर उमटल्या. तरीही २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन वर्षी या खोऱ्यातील घरांत पाणी शिरले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोग मुळातच फसवा आहे. तो ऐकणाऱ्यास वाटते की एकदा पूर येऊन गेला, आता पुढची चोवीस वर्षे निर्धास्त. त्याचा खरा अर्थ एवढाच की दर वर्षी त्या पुराची शक्यता शंभरात चार असते, मग आदल्या वर्षी तो आलेला असो वा नसो. नेमके निळ्या रेषेवर असलेले घर वीस वर्षांच्या कर्जावर घेतले, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी आत येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक भरते. हे गणित शाळकरी मुलालाही करता येईल. ते करारपत्रात कोठे लिहिलेले नसते, हा मात्र गणिताचा नव्हे, नीतीचा प्रश्न आहे.

मग तेथे घर का बांधले जाते? उत्तर जमिनीच्या भावात आहे. सांगलीच्या सखल काळ्या रानात गुंठ्या-गुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला पेलेल एवढीच ती भूमी. पुढे २००१ मध्ये राज्यात गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा झाला. कायद्याने घराला मान्यता दिली, तरी जमिनीची उंची वाढली नाही. ती जमीन स्वस्त होती, कारण ती पाण्याची होती. स्वस्ताई हीच त्या भूमीची पूर्वसूचना. परंतु गरिबाला ही भाषा वाचूनही उपयोग नसतो, कारण उंचावरची जमीन त्याच्यासाठी विक्रीला नसतेच. रान विकून पैसे घेणारा आणि प्लॉट पाडणारा दोघेही पुढच्या पावसाळ्यापूर्वी त्या व्यवहारातून बाहेर पडलेले असतात. योग त्यांचा पूर्ण झालेला असतो. क्षेम मागे राहिलेल्याच्या माथी येतो.

येथे विम्याचा विचार येतो. ‘विमा’ या शब्दाच्या मुळाशी फार्सीतील ‘बीम’ म्हणजे भय आहे. एकट्याचे भय अनेकांनी थोडे थोडे वाटून घेणे, हे विम्याचे मूळ रूप. त्यात एक मोठी नैतिक शक्ती आहे. पुरानंतर शासन जी मदत देते तिला आपण ‘सानुग्रह अनुदान’ म्हणतो. त्या शब्दातच अनुग्रह, म्हणजे देणाऱ्याची कृपा, वसलेला आहे. पंचनाम्यासाठी येणाऱ्या तलाठ्यापुढे घरधनी याचक म्हणून उभा राहतो. विमेदार उभा राहतो तो हक्काने. भिंतीवरची पाण्याची खूण दोघांचीही सारखीच. फरक आहे तो मानेच्या ताठपणाचा.

कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेचा आधार या संदर्भात नेहमी घेतला जातो. पुराने घर गेलेला जुना विद्यार्थी गुरुजींनी देऊ केलेले पैसे नाकारतो, हे मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक आहे. या नकाराचे गुणगान करताना आपण एक गोष्ट विसरतो : नाकारण्याचा अधिकार त्या विद्यार्थ्याचा आहे, समाजाचा नाही. त्याचा स्वाभिमान ही त्याची थोरवी. ती पुढे करून समाजाने आपला हात आखडता घ्यावा, असा अर्थ काढणे हा त्या कवितेवर अन्याय होय. देणे दानाच्या रूपात आले म्हणून ते नाकारले जाते. तेच हक्काच्या रूपात आले असते, तर नाकारण्याचा प्रश्नच उद्भवला नसता.

परंतु विम्याविरुद्धचा युक्तिवादही दुबळा नाही. नुकसान भरून मिळणार ही खात्री माणसाला धोक्याच्या जागी राहण्याचे धैर्य देते. अमेरिकेचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे १९६८ मध्ये राष्ट्रीय पूरविमा योजना सुरू झाली. तिची मूळ कल्पना विवेकी होती : गावाने पूरक्षेत्रातील बांधकामावर नियंत्रण आणावे आणि त्या मोबदल्यात रहिवाशांना विमा मिळावा. कालांतराने अनेक जुन्या घरांचे हप्ते खऱ्या धोक्याहून कमी राहिले. काही घरे पुन्हा पुन्हा बुडाली आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा उभी राहिली. २०१७ मध्ये या योजनेचे १६ अब्ज डॉलरचे कर्ज तेथील संसदेला माफ करावे लागले. ज्यांनी कधी नदी किंवा समुद्रकिनारा पाहिला नाही, अशा करदात्यांनी किनाऱ्यावरच्या घरांचा क्षेम वाहिला, असा याचा अर्थ होतो.

यावर उपाय म्हणून सांगितले जाते की हप्ता खरे बोलणारा असावा. जितका धोका तितका हप्ता. हे ऐकायला न्याय्य वाटते. पण सत्य सर्वांना सारख्याच किमतीत ऐकवता येत नाही. बिहारमध्ये कोसीला १९५० च्या दशकात दोन्ही बाजूंनी तटबंध बांधले गेले आणि शेकडो गावे त्या दोन तटबंधांच्या मध्ये राहिली. तेथील माणसाने नदीत घर बांधले नाही. उरलेल्या प्रदेशाच्या रक्षणासाठी नदीच त्याच्या अंगणात कोंडली गेली. पुढे ऑगस्ट २००८ मध्ये नेपाळमधील कुसहा येथे तटबंध फुटला आणि सुरक्षित म्हणवणारा प्रदेशही पाण्याखाली गेला. तटबंधांच्या आतील माणसाला धोक्याइतका हप्ता भर म्हणणे, म्हणजे ज्याने इतरांच्या सुरक्षिततेची किंमत आधीच मोजली आहे त्याला ती दुसऱ्यांदा मोजायला लावणे होय.

तेव्हा ‘पूरक्षेत्रातील घर’ असा एकच वर्ग मानून नैतिक निवाडा देता येत नाही. माझ्या मते तीन प्रश्न विचारावे लागतात. घर बांधताना धोक्याची जाण होती काय? दुसरीकडे जाण्याची निवड होती काय? आणि त्या बांधकामाचा लाभ कोणाला झाला? जाण, निवड आणि लाभ जेथे एकाच ठिकाणी आढळतात तेथे क्षेमाचा भारही त्यानेच वाहावा. नदीचा देखावा विकत घेणाऱ्या श्रीमंताला समाजाने सवलत देण्याचे कारण नाही. जेथे जाण आहे पण निवड नाही, तेथे समाजाने वाटा उचलावा. आणि जेथे लाभ एकाचा व हानी दुसऱ्याची, तेथे लाभ घेणाऱ्याला व्यवहारातून इतक्या सहज बाहेर पडू देऊ नये. ब्रिटनमध्ये २०१६ साली सुरू झालेल्या ‘फ्लड री’ या व्यवस्थेत असा एक भेद स्पष्टपणे केलेला आहे. पूरप्रवण घरांचा हप्ता आवाक्यात ठेवण्यासाठी सर्व विमा कंपन्यांकडून वर्गणी घेतली जाते. मात्र १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घरांना तिचा लाभ नाही. जे आधीपासून आहेत त्यांना सांभाळू; जाणूनबुजून नवे बांधाल तर आमच्यावर विसंबू नका, असे ती तारीख सांगते.

आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे आणि तिच्या संरक्षणात पुराचा समावेश आहे. हे स्वागतार्हच. तथापि विम्याची एक मर्यादा त्याच्या स्वभावातच आहे : तो गेलेली वस्तू परत देतो, पूर्वीसारखी आणि पूर्वीच्याच जागी. जोते उंच करणे, ओढ्याचे बुजवलेले पात्र मोकळे करणे, कुटुंबाला वरच्या भूमीवर जागा देणे ही त्याची कामे नव्हेत. पूरक्षेत्राच्या विभागणीसाठी केंद्राने १९७५ मध्येच आदर्श विधेयकाचा मसुदा राज्यांकडे पाठवला होता. मोजक्याच राज्यांनी तसा कायदा केला. जे काम कायद्याने टाळले ते विमा करू शकणार नाही. उलट, ते टाळल्याची बोच मात्र तो सौम्य करील, आणि हाच त्याचा मोठा धोका आहे.

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरील नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पावसाळ्यात नदी आत येते. पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणद्वाराने बाहेर पडते, तेव्हा भाविक त्या प्रवाहात स्नान करतात. त्यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवली जाते. या परंपरेकडे पाहून, पूर्वजांना नदीसह जगणे कळत होते, आपल्याला ते कळेनासे झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. ते अर्धेच खरे आहे. पाणी आले की देव स्वस्थपणे घर सोडू शकतो, कारण त्याच्यासाठी दुसरी जागा आधीपासून ठरलेली असते. गुंठ्यावरच्या घरातील माणसाला तीच नसते. म्हणून तो पत्र्यावर चढून बसतो, नाव आली तरी उतरत नाही, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. क्षेम म्हणजे केवळ बुडालेल्या घराची किंमत नव्हे. पाणी येण्याआधी तयार असलेली दुसरी जागा हाही क्षेमच आहे. पहिल्याची व्यवस्था विमा कंपनी करू शकेल. दुसऱ्याची व्यवस्था, ज्यांचा योग त्या सखल भूमीवर साधला गेला त्या साऱ्यांकडून समाजाला करून घ्यावी लागेल.