टिपणे

पक्षी दाणे टिपतो, शिकारी सावज टिपतो आणि कॅमेरा हाती घेतलेला गृहस्थ खार टिपतो. मराठीने या तिन्ही क्रियांना एकच क्रियापद दिले, ही भाषेची कंजुषी की तिचे शहाणपण, हा प्रश्न आम्हांस काही दिवस छळीत आहे. त्याचे कारण आमच्या परसदारी घडले.

सुरतेच्या दक्षिणेस पांडेसरा ही आमची वस्ती. कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्या, त्यांची धुराडी आणि पोटासाठी खानदेशातून आलेली मराठी मंडळी यांवरून ती ओळखली जाते, निसर्गशोभेवरून नव्हे. तथापि घरामागच्या चार हात जागेत एक कडुलिंब, एक पेरू आणि एक शेवगा असला की तेवढ्यावर केवढा तरी संसार उभा राहतो. साळुंक्या येतात, शिंजीर येतो, क्वचित भारद्वाजाचे दर्शन घडून दिवस शुभ जातो. खारी तर घरच्याच. गुजराती शेजारी तिला खिसकोली म्हणतात. आमच्या आजोळी, कोकणीत, ती चानी. सेतुबंधनाच्या वेळी श्रीरामाने तिच्या पाठीवरून बोटे फिरविली, ही कथा आपण सर्वांनी लहानपणीच ऐकली आहे. कोकणातल्या चानीच्या पाठीवर तीन पट्टे, आमच्या इकडच्या खारीच्या पाठीवर पाच. येथे प्रभूने दोन बोटे अधिक टेकविली, असे आम्ही मुलांना सांगतो. (वाल्मीकींच्या रामायणात ही कथा नाही, हे मात्र सांगत नाही.)

सकाळी कोर्टात जाण्यापूर्वी तासभर आम्ही खिडकीशी कॅमेरा घेऊन बसू लागलो. खार जवळ यावी म्हणून कट्ट्यावर शेंगदाणे ठेवले. ती येऊ लागली. पुढे शेवग्याच्या बेचक्यात तिने घरटे केले. गवत, चिंध्या आणि कोठून तरी आणलेले गुलाबी-निळे सूत. आत तीन पिले होती. परंतु पानांनी भरलेली एक फांदी मध्ये येई आणि उजेड आत पोचत नसे. एका रविवारी आम्ही ती फांदी कापली. चित्र अप्रतिम आले. आईचा चेहरा, खाली तीन डोकी आणि सभोवार ते रंगीत सूत.

दुसऱ्या दिवशी सकाळी खार एकेक पिलू तोंडात धरून कडुलिंबावर नेताना दिसली. दोन नेली. तिसऱ्यासाठी परतली तेव्हा कावळा येऊन गेला होता. कावळ्याला आम्ही दोष देत नाही. घरटे त्याला आम्हीच उघडे करून दिले होते.

आमचा व्यवसाय वकिलीचा. तेव्हा मन प्रथम कायद्याकडे धावले. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या मोठी विस्तृत आहे. ठार मारणे, पकडणे, सापळा लावणे यांच्याच रांगेत आमिष दाखविणेही येते. शेंगदाण्यांची आठवण होऊन आम्ही चपापलो. घरट्यांना उपद्रव देणेही त्या व्याख्येत आहे. परंतु ते पक्ष्यांच्या व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या घरट्यांविषयी. खार पक्षी नव्हे. म्हणजे फांदीपुरते आम्ही सुटलो! अशिलासाठी अशी पळवाट सापडली असती तर आम्हांस आनंद झाला असता.

एक गोष्ट मनाला अधिक बोचते. खार आणि उंदीर हे दोघेही एकाच कृंतक गणातले. १९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली, लोक मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेले, तेव्हापासून येथे उंदराकडे पाहण्याची दृष्टी कशी आहे हे सांगावयास नको. आमच्याही स्वयंपाकघरात पिंजरा आहे. मग खारीविषयी आम्हांस वाटले ते प्रेम खारीवर होते की तिच्या झुपकेदार शेपटीवर? आम्हांस संशय आहे की ते आमच्या चित्रावर होते.

संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी बंदुकीऐवजी कॅमेऱ्याने वाघ टिपला आणि १९२७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. तेव्हापासून कॅमेरा म्हणजे रक्तावाचून शिकार, असे मानण्याचा प्रघात आहे. बंदुकीच्या मानाने ते खरेच आहे, आणि त्या पुरुषाविषयी आम्हांस आदरही आहे. परंतु रक्त सांडले नाही एवढ्याने पाहणाऱ्याचा अधिकार सिद्ध होतो काय? अनेक देवळांत गाभाऱ्याचे छायाचित्र घेऊ देत नाहीत. हा नियम आम्हांस पूर्वी जुनाट वाटे. आता वाटते, दर्शन म्हणजे जेवढे दाखविले जाईल तेवढे पाहणे. पुजाऱ्याने पडदा ओढला की भक्त बाहेर थांबतो. पडदा कापीत नाही.

हे सारे मनातच राहिले असते. परंतु वस्तीतील राममंदिराची रामनवमीची स्मरणिका निघावयाची होती, आणि विश्वस्तांपैकी एका वयोवृद्ध गृहस्थांनी ते चित्र आमच्याकडे पाहिले होते. “वकीलसाहेब, मुखपृष्ठासाठी हेच द्या,” ते म्हणाले. आम्ही त्यांना फांदीची हकीकत सांगितली. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “वाईट झाले खरे. पण चित्राचा त्यात काय दोष? पाहणाऱ्याला तर भक्तीच वाटेल.”

न्यायालयात आम्ही हाच युक्तिवाद केला असता. १९७२ सालच्याच मलकानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की पुरावा गैरमार्गाने मिळविला एवढ्याच कारणाने तो त्याज्य ठरत नाही. चित्रही खोटे नव्हते. आई तीच, पिले तीच. तरीसुद्धा ज्या खारीने रामाच्या कार्यासाठी वाळू वाहिली तिच्या नावाने हे चित्र छापावयाचे, हे आमच्याने झाले नाही. आम्ही त्यांना कडुलिंबावरच्या खारीचे दुसरे एक चित्र दिले. त्यात पानांआडून शेपटी आणि अर्धी पाठ दिसते. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि पट्टे मोजता येत नाहीत म्हणून परत केले.

पहिले चित्र आमच्याजवळ आहे. ते कोणास दिलेले नाही, आणि अद्याप पुसलेलेही नाही.