कोंडलेला श्वास

“रडणं बंद! आवाज नकोय मला!” असा दम बसलेलं मूल जवळून पाहावं. ओठ घट्ट मिटतं, खांदे वर ओढतं, पोट आत घेतं. मधूनच दोन-तीन हुंदक्यांत हवा आत जाते आणि पुन्हा सगळं बंद. घरातले म्हणतात, शहाणं आहे हो, लगेच गप्प झालं.

वारंवार असं झालं की शरीर ते शिकून घेतं. चाळिशीत प्रसंग आठवतही नाही; पण साहेबांनी नुसता आवाज चढवला तरी पोट आवळतं.

1998 साली अमेरिकेत फेलिटी आणि अँडा यांनी साडेनऊ हजारांहून अधिक प्रौढांच्या बालपणाचा अभ्यास मांडला. मारहाण, अवहेलना, घरातलं व्यसन यांची बेरीज जितकी मोठी, तितकी पुढे नैराश्याची आणि हृदयविकाराचीही शक्यता जास्त. लहानपण सरतं, त्याची थकबाकी शरीर भरत राहतं.

हृदयाला ‘हळू चाल’ असं सांगून ते ऐकत नाही. उच्छ्वास लांबवला तर ऐकतं. श्वास आपोआप चालतो आणि मनात आणलं तर आपल्या ताब्यातही येतो, ही केवढी मोठी सोय! स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापलं आणि प्राणायाम प्रयोगशाळेत नेला. या वाटेवर आपण नवखे नाही.

प्रागमध्ये जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ स्टॅनिस्लाव्ह ग्रॉफ यांनी पत्नी क्रिस्टिना यांच्यासह 1970च्या दशकात कॅलिफोर्नियात दुसरीच पद्धत घडवली. जलद, खोल श्वास, मोठ्याने संगीत, आणि उसळेल ते उसळू द्यायचं. अशा श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, हात आखडतात, कित्येकांना रडू फुटतं. ते रडू खरं असतं. पण जखम उघडायला तासभर पुरतो, भरायला माणूस लागतो. मुलाला भीतीपेक्षा एकटेपण जास्त लागलेलं असतं.

म्हणून मला संथ मार्ग जवळचा वाटतो. समोर समुपदेशक, तळहात पोटावर, मिनिटाला पाच-सहा श्वास. आठवण वर आली आणि श्वास अडला की थांबायचं. पाय जमिनीला टेकलेले जाणवू द्यायचे, मगच पुढे. कधी तासाभरात एकच उच्छ्वास पुरता सुटतो. तेवढा पुष्कळ.

आईवडिलांना माफ करण्याची अट मात्र कोणी घालू नये. माफी न देताही छाती मोकळी होते.

हृदयविकार, उच्च रक्तदाब, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर जलद श्वासाच्या शिबिराला जाऊ नका. इतरांनी पैसे भरण्यापूर्वी एक विचारावं: शिबिर रविवारी संपेल, बुधवारी रात्री मला रडू आवरेनासं झालं, तर फोन कोण उचलणार?