‘येतो’ म्हणताना



घरातून निघताना कोणी ‘जातो’ म्हटले, की आजी लगेच दटावते, ‘जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं.’ बाजारात निघालेल्या मुलाच्या तोंडी हा शब्द शोभतो, कारण तासाभरात तो परत येतोच. पण कॅनडात कायम राहण्याचा परवाना घेऊन, दोन मोठ्या बॅगा भरून जो विमानतळाकडे निघाला आहे, त्यानेही ‘येतो’ म्हणावे काय? ते खोटे बोलणे ठरेल काय?

हा प्रश्न मला आपल्याच धर्मग्रामातील दोन तरुणांमुळे पडला. त्यांच्या संमतीने, नावे न घेता लिहितो. दोघे एका आळीत वाढले, एकाच बावखलात पोहायला शिकले, वेदीसेवक म्हणूनही एकत्र उभे राहिले. त्यांतला एक टोरोंटोला गेला. शेवटच्या आठवड्यात तो मित्राच्या घराकडे फिरकलाच नाही. तो निघाल्याचे मित्राला कळले ते मोबाइलवरच्या विमानतळाच्या फोटोवरून. मित्राने जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, ‘अरे, रोज व्हिडिओ कॉल करणारच आहोत, मग निरोप कशाला?’ त्यानंतर एकही कॉल झाला नाही.

हिवाळ्यात त्याने मला फोन केला. ‘फादर, नोकरी आहे, खोली उबदार आहे, कशाची कमी नाही. तरी संध्याकाळ झाली की रडू येते. सांगायची लाज वाटते. मी एवढा दुबळा आहे का?’

प्रथम या लाजेविषयी. 1688 साली योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने बासेल विद्यापीठात एक प्रबंध सादर केला. घरापासून दूर राहणारे काही लोक झुरतात, हे पाहून त्याने या दुखण्याला ‘नॉस्टॅल्जिया’ असे नाव दिले. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून ते बनले आहे. होफरला तो आजार वाटला. आज आपण घराच्या ओढीला आजार म्हणत नाही. महिनोन्‌महिने झोप-जेवण सुटले तर डॉक्टरांकडे अवश्य जावे, पण ओढ वाटणे हा दोष नव्हे. ज्याला घर लाभले, त्यालाच घर आठवते. ती वेदना म्हणजे मिळालेल्या प्रेमाची पोचपावती आहे.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. रोज फोनवर भेट होत असेल तर निरोपाची गरज काय? अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या आठव्या भागात मैत्रीचा विचार केला आहे. अंतरामुळे मैत्री तुटत नाही, थांबतो तो तिचा व्यवहार, असे तो म्हणतो. मात्र दुरावा फार लांबला तर मैत्रीचाही विसर पडतो, असा इशाराही तो देतो. विचार करा, फोनवर खुशाली कळते. पण मध्यरात्री वडिलांच्या छातीत कळ आली, तर गाडी काढून धावत येणारा मित्र फोनमधून बाहेर येऊ शकत नाही. म्हणजे काहीतरी खरोखरच थांबते. निरोप घेणे म्हणजे हे सत्य दोघांनी मिळून मान्य करणे. जो न भेटता जातो तो स्वतःचे रडणे टाळतो आणि मित्राला एकट्याने रडायला ठेवून जातो.

हे मी अनुभवाने सांगतो. सोळाव्या वर्षी सेमिनरीत जायला निघालो तेव्हा डोळ्यांत पाणी येईल या भीतीने मी मित्राच्या घरावरून न जाता मागच्या पायवाटेने गेलो. माझ्यासाठी सुकेळ्यांची पुडी घेऊन तो ओट्यावर बसून होता, हे त्याच्या आईने मला कित्येक वर्षांनी सांगितले. मी त्याला मनाचा खंबीरपणा समजत होतो. तो भित्रेपणा होता.

संत पौलाने असे केले नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात तो मिलेत येथे इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेतो. आपण पुन्हा दिसणार नाही, हे तो स्पष्ट सांगतो. सारे गुडघे टेकून प्रार्थना करतात, गळ्यात पडून रडतात आणि त्याला तारवापर्यंत पोहोचवतात. त्या रडण्याची कोणालाही लाज वाटली नाही.

मग ‘येतो’ या शब्दाचे काय करायचे? आपल्या वसईवर 1739 पर्यंत सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगिजांची सत्ता होती. त्यांचा निरोपाचा शब्द ‘आदेउश’, म्हणजे ‘देवाकडे’. त्यात परतण्याचे वचन नाही, माणसाला देवाच्या हाती सोपवणे आहे. आपल्या ‘येतो’मध्ये वचन आहे. मला वाटते, दोन्ही हवेत. ‘येतो’ म्हणजे परतीच्या तिकिटाची तारीख नव्हे. ‘तुला मी भूतकाळात जमा करणार नाही’, असा त्याचा अर्थ घेतला, तर तो शब्द खरा ठरतो. पण त्याला कृतीची जोड हवी. मित्राच्या सुखदुःखाच्या दिवशी, तिथे कितीही वाजले असोत, फोन आलाच पाहिजे.

जाणाऱ्याचे तिथल्या मातीशीही कर्तव्य आहे. बाबेलमधील निर्वासितांना यिर्मयाने पत्र लिहून सांगितले, की घरे बांधा, बागा लावा, त्या नगरासाठी प्रार्थना करा. हिवाळ्यात आपल्या चर्चची सकाळी सहाची घंटा होते तेव्हा टोरोंटोत आदल्या संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. ज्याचे कान सदैव या घंटेकडे लागलेले असतात, त्याला तिथल्या शेजाऱ्याची हाक ऐकू येत नाही. आणि मागे राहणाऱ्यांनो, ‘तू बदललास’ असे म्हणून त्याला बांधू नका. रिकाम्या ओट्याचे दुःख तुमचे आहे. ते बोलून दाखवा, पण त्याचा टोमणा करू नका.

त्या तरुणाला मी सांगितले, ‘बाळा, राहिलेला निरोप आता घे.’ त्याने फोन केला. पहिली काही मिनिटे दोघेही बोलले नाहीत, असे त्याने मला नंतर सांगितले. मग तो म्हणाला, ‘तुला न भेटता गेलो, चुकलो.’ आता दर रविवारी मिस्सानंतर मित्र त्याला आळीतून फिरता फिरता फोन लावतो.

आपल्या घरांतून पुढेही मुले-मुली परदेशी जातील. त्यांना माझी एकच विनंती आहे. बॅगेचे वजन करण्यापूर्वी मित्राच्या घरी पायी जा, ओट्यावर बसा, डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या, आणि मग उठताना ‘येतो’ म्हणा.

प्रभू तुम्हां सर्वांसोबत असो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू