मैदान घरात आले तेव्हा

बेळगावच्या किल्ला तलावाच्या काठी रोज संध्याकाळी आम्ही चार-पाच निवृत्त माणसे बसतो. कोणी मराठी, कोणी कानडी, एकजण घरी कोकणी बोलणारा. बोलता बोलता भाषा बदलते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मागे एकदा आयपीएलच्या दिवसांत तिथे चांगलाच वाद रंगला. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही घरून वैतागूनच आले होते. म्हणाले, "दोन महिने झाले, संध्याकाळची बातमी ऐकलेली नाही. साडेसात वाजले की क्रिकेट. पोरांचा अभ्यास नाही, ताटं टीव्हीसमोर. इतका खेळ दाखवायचा म्हणजे काय?"

आमचे कानडी अण्णा हसले. "मग काय बघायचं ओ? सासू-सुनांची भांडणं? का त्या चर्चेत एकमेकांवर ओरडणारी माणसं? त्यापेक्षा मॅच बरी की. निदान शेवटी कोण जिंकलं ते तरी कळतं."

तिसरे गृहस्थ तरुणपणी हॉकी खेळलेले. ते जरा तिखटपणे म्हणाले, "खेळ फार दाखवतात, असं म्हणूच नका. क्रिकेट फार दाखवतात. आपल्या बेळगावचे बंडू पाटील १९६४ साली टोकियोला हॉकीचं सुवर्णपदक घेऊन आले. आज किती पोरांना ठाऊक आहे ते?"

तिघांचेही मला पटत होते. वादात अशी माणसाची पंचाईत होते. मी त्या दिवशी गप्प राहिलो, पण गप्प राहण्याचे कारण निराळे होते. या प्रश्नाच्या दोन खुणा माझ्या स्वतःच्या घरात आहेत. त्यांच्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

पहिली खूण माझ्या आईची. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले. पुढच्याच वर्षी, २५ जून १९८३ रोजी, कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्सवर १८३ धावांच्या भांडवलावर वेस्ट इंडीजला ४३ धावांनी हरवले. त्यानंतर देशभर टीव्ही घेण्याची जी लाट आली तीत १९८५ साली आमच्याही घरात एक संच आला. त्यापूर्वी आमच्या माजघरात कोनाड्यात रेडिओ असे. आई त्यावर धारवाड आकाशवाणी लावून गाणे ऐके. गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर ही तिची घरची माणसे असावीत अशा थाटात ती त्यांच्याविषयी बोलायची. कानडी तिला जेमतेम बाजारापुरते येई, पण दासरपदे ऐकताना तिचे काही अडत नसे.

टीव्ही आला तो त्याच माजघरात, कारण घरात मोठी खोली तेवढीच. १९८७ च्या विश्वचषकाच्या वेळी एका दिवशी सामना आणि आईचे गाणे एकाच वेळी आले. मी शिक्षक, त्यातून नागरिकशास्त्र शिकवणारा. मी मोठ्या न्यायबुद्धीने घरात मतदान घेतले. पाच विरुद्ध एक. आई भांडली नाही. एवढेच म्हणाली, "हात मोजलेस, बरं झालं. आता तो रेडिओ तेवढा स्वयंपाकघरात नेऊन ठेव."

मी तो नेऊन ठेवला. तो पुन्हा कधी माजघरात आला नाही. फोडणीच्या आवाजात आणि भांड्यांच्या खडखडाटात तिने पुढची नऊ वर्षे गाणे ऐकले. मला त्या वेळी यात काही वावगे वाटले नव्हते. लोकशाही पद्धतीने निर्णय झाला होता ना!

आपण या भागात राहणारी माणसे. ज्याची संख्या अधिक त्याचा शब्द, हा हिशेब पाटीवर, कचेरीतल्या अर्जावर, शाळेच्या वर्गात आपण पाहिलेला आहे. बहुसंख्या म्हणजे न्याय नव्हे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण घरात आपण पाचांत असलो आणि समोर एकटी आई असली की हे शहाणपण आपल्याला आठवत नाही. मलाही आठवले नाही. दोन्हीकडे मामला एकच होता, हे समजायला मला फार वर्षे लागली.

दूरदर्शनवर खेळ किती असावा हा प्रश्नही मुळात हात मोजण्याचा आहे. ज्याला प्रेक्षक अधिक त्याला जाहिरात अधिक, ज्याला जाहिरात अधिक त्याला वेळ अधिक. २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये ५९ सामने आखलेले होते, २०२२ पासून ते ७४ झाले. एका सामन्याला साडेतीन तास धरले तर एका हंगामाचे अडीचशेहून अधिक तास होतात. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढे पैसे मोजणारा माणूस ते वसूल करण्यासाठी संध्याकाळची मोक्याचीच वेळ घेणार. त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करणे म्हणजे हलवायाने गिऱ्हाइकाला साखर कमी खा म्हणून सांगावे, अशी अपेक्षा करणे होय.

मग कोणी सांगायचे? सरकारने? आपल्या देशात हा प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. १९९३ च्या हिरो चषकाच्या वेळी सामने कोणी दाखवायचे यावरून दूरदर्शन आणि क्रिकेटचे संयोजक यांच्यात तंटा झाला. त्यावर १९९५ च्या फेब्रुवारीत निकाल लागला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिले होते. या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे, त्यांवर सरकारचीही मक्तेदारी असता कामा नये आणि पैसेवाल्यांचीही, असे त्या निकालाचे सार. पुढे २००७ साली कायदा झाला आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीलाही देणे खासगी वाहिन्यांवर बंधनकारक झाले. खेड्यातल्या साध्या अँटेनावरही भारताचा सामना दिसावा, हा त्यामागचा हेतू. तो चांगलाच आहे.

पण लोकहित म्हणजे काय? ज्यात पुष्कळांना रस आहे ते, की ज्यात पुष्कळांचे हित आहे ते? सामना सगळ्यांना दिसावा हे लोकहित खरे, पण सामन्याखेरीजही काही दिसावे, ऐकू यावे, हे लोकहित नव्हे काय? माझ्या आईचे गाणे ऐकणारे थोडे होते. थोडे असणे हा काही गुन्हा नव्हे.

आता दुसरी खूण. ही सांगताना लेखणी जरा अडखळते.

९ मार्च १९९६. शनिवार. बेंगळुरूला भारत-पाकिस्तान विश्वचषकाचा उपउपांत्य सामना. दुपारी सुरू झालेला, रात्रीपर्यंत चालणारा. ज्यांनी तो पाहिला त्यांना जडेजाने वकारला केलेली मारहाण आजही आठवत असेल. आमच्याकडे तर उत्साहाला सीमा नव्हती. श्रीनाथ, कुंबळे, प्रसाद असे कर्नाटकाचे तिघे संघात. अण्णा त्यांच्या सगळ्या घराला घेऊन आमच्या माजघरात आले होते. कानडी आणि मराठी घरे एका सतरंजीवर दाटीवाटीने बसली होती, आणि आमिर सोहेलचा त्रिफळा उडाला तेव्हा कोण कोणत्या भाषेत ओरडले ते कोणाला सांगता आले नसते. अण्णांचे म्हणणे असे की आपल्या गावात सगळ्यांना एकाच वेळी आनंद होतो तो फक्त मॅचमध्ये. ते खोटे नाही. एरवी ज्या गल्ल्यांत पाटीवरून कुरबुर होते तिथे त्या रात्री एकमेकांच्या तोंडात पेढे भरवले गेले. खेळ फार दाखवतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हेही जमेस धरावे.

त्याच दुपारी माझ्या धाकट्या मुलीचा कबड्डीचा अंतिम सामना होता. ती पंधरा वर्षांची. चार दिवसांपासून ती विचारत होती, "बाबा, तुम्ही येणार ना?" मी "बघू" म्हणालो होतो. वडिलांच्या 'बघू'चा अर्थ मुलांना कळतो. ती पुन्हा विचारायला आली नाही.

संध्याकाळी ती आली. दारात उभी राहिली. गुडघा फुटलेला, कपडे लाल मातीने माखलेले, हातात शिल्ड. मी तिच्याकडे पाहिले, पण पाहिले नाही. "थांब हं, ही ओव्हर होऊ दे," असे म्हटल्याचे मला स्पष्ट आठवते. ती ओव्हर झाली, पुढची सुरू झाली. ती आत गेली. स्वयंपाकघरात आई रेडिओ ऐकत होती. तिने रेडिओ बंद केला, नातीच्या गुडघ्यावर हळद लावली आणि सामना कसा झाला ते पहिल्या चढाईपासून विचारून घेतले. हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी मुलीनेच सांगितले. आई त्याच वर्षी गेली.

भारत ३९ धावांनी जिंकला.

मी खेळावर प्रेम करणारा माणूस आहे, अशी माझी स्वतःविषयी समजूत होती. त्या दिवशी माझ्या घरापासून अर्ध्या मैलावर खरा खेळ चालू होता. त्यात माझे रक्तामांसाचे माणूस होते आणि मी चारशे-पाचशे किलोमीटरवरचा खेळ पाहत बसलो होतो. तेव्हा टीव्हीवर खेळ फार असतो की थोडा, या वादात मला फारसे बळ येत नाही. त्या दिवशी मोजमाप चुकले ते माझे. पडदा दूरचे जवळ आणतो, यात संशय नाही. पण माणसाचे लक्ष वाढत नाही, ते तेवढेच राहते. दूरच्याला दिले की जवळच्याचे कमी होते.

न दाखवलेल्या खेळाला कमी मानण्याची सवयही आपल्याला या पडद्याने लावली. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला कपिलदेवने झिंबाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा केल्या. त्या खेळीचे चित्रण नाही, तरी तिची थोरवी तसूभर कमी झाली नाही. आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. गावातल्या एकाही माणसाने त्यांना तिथे धावताना पाहिले नाही. ते धावले मात्र पूर्ण. खाशाबा जाधवांचे १९५२ चे हेलसिंकीतले कांस्यपदकही घरच्यांना दिसले नव्हते. दिसणे ही खेळाची अट नव्हे.

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो, तर लेख सोपा झाला असता. पण २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, कबड्डी आता टीव्हीवर आली. आता बघाल ना?" ती हसत होती. मला हसता आले नाही. मात्र तिचा आनंद खरा होता. आपण ज्यासाठी गुडघे फोडून घेतले ते जगाने पाहण्याजोगे ठरले, याचा तो आनंद होता. मुलींच्या क्रिकेटचेही तेच. २०१७ साली लॉर्ड्सवर आपल्या मुली ९ धावांनी हरल्या तेव्हा, तो सामना दाखवला गेला म्हणून, घरोघरी लोक हळहळले. २०२५ च्या नोव्हेंबरात त्यांनी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, आणि सांगलीची स्मृती मानधना ही आमच्या नातीची जवळची नातेवाईक असल्यासारखी झाली. दुसऱ्या दिवशी नातीने बॅट मागितली. खेळ कमी दाखवा, असे मी म्हणालो असतो तर तिच्यासारख्यांचाच वाटा पहिल्यांदा कापला गेला असता. पुरुषांच्या क्रिकेटला कोणी हात लावला नसता.

म्हणून किल्ला तलावावरच्या मित्रांना माझे उत्तर असे. तास मोजून हा प्रश्न सुटणार नाही. पडद्यावर कोणाकोणाला जागा मिळते ते पाहावे लागेल, आणि घरात त्या पडद्यापायी कोणाची जागा जाते तेही पाहावे लागेल. पहिले काम कायद्याचे आणि वाहिन्यांचे, दुसरे आपले. २०२३ साली आयपीएलचे समालोचन मोबाईलवर मराठीतही आले आणि कानडीतही. त्याचा मला आनंद झाला. पण आज घरात पाच माणसे पाच पडद्यांवर पाच गोष्टी पाहतात. आता मतदान घ्यावे लागत नाही, कोणाचा रेडिओ हलवावा लागत नाही. भांडण मिटले, त्याबरोबर ती सतरंजीही गेली. यात सुधारणा किती आणि तोटा किती, हे माझे मला अजून ठरवता आलेले नाही.

गेल्या डिसेंबरात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर नातीचा खो-खोचा सामना होता. मी वेळेच्या अर्धा तास आधी जाऊन बसलो. ऊन होते, खुर्ची नव्हती, आणि नियम मला नीट कळत नव्हते. शेजारी मुलगी बसली होती, ती समजावून सांगत होती. नातीचा संघ हरला. ती बाहेर आली तेव्हा मी तिला पहिल्या डावापासून सगळे विचारून घेतले.